इपुरुआचे मास्तर

२०२३ सालच्या मे महिन्याची ती अखेरची रात्र. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती आणि सुटीच्या दिवसांत रात्र जागवण्याची चैन मास्तरालाही परवडते. दूर बुडापेस्टमध्ये, पुश्कासच्या नावाने उभारलेल्या मैदानावर, स्पेनचा सेव्हिया आणि इटलीचा रोमा हे संघ युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात झुंजत होते. आमच्याकडे मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. कोल्हापूरकडच्या माणसाला फुटबॉलचे वेड कोणी लावावे लागत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडत मी वाढलो. माझा पुतण्याही तसाच वाढला. आम्ही दोघे दिवा मालवून टीव्हीसमोर बसलो होतो.

रोमाचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो. हे गृहस्थ त्यापूर्वी युरोपातल्या मोठ्या स्पर्धांच्या पाच अंतिम सामन्यांत उतरले होते आणि पाचही वेळा चषक घेऊनच परतले होते. त्यांना सारे जग ओळखते. पण कॅमेरा वळून सेव्हियाच्या प्रशिक्षकावर आला की पुतण्याची चुळबूळ सुरू होई. साठी उलटलेला, पिकल्या केसांचा, एखाद्या कारखान्यातल्या मुकादमासारखा दिसणारा एक माणूस रेषेच्या कडेला उभा राहून हातवारे करीत होता.

“काका, हे म्हातारं कोण हो?”

पडद्यावरचे नाव मला वाचता आले, त्यापलीकडे काही सांगता आले नाही. होसे लुईस मेंदिलिबार.

“ह्यानं आधी काय जिंकलंय?” असे म्हणत त्याने फोनवर शोधले आणि तो हसला. सोळा वर्षांपूर्वीचे, स्पेनच्या दुसऱ्या विभागाचे एक अजिंक्यपद. नाव घेण्याजोगे एवढेच.

सामना १-१ असा बरोबरीत राहिला. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर सेव्हियाने तो ४-१ असा जिंकला आणि मोरिन्यो सहाव्या खेपेस प्रथमच रित्या हातांनी परतले. पुतण्या झोपायला गेला. मला मात्र झोप येईना. ‘ह्यानं आधी काय जिंकलंय?’ हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. तो मी पूर्वी कोठेतरी ऐकला होता. नव्हे, मीच तो एकाला विचारला होता. कोणाला, ते शेवटी सांगेन. आधी या म्हाताऱ्याची हकीकत सांगतो. कारण त्या रात्रीपासून मी तिच्यामागे लागलो. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही, पण एखाद्या गोष्टीचा माग काढण्याची खोड कादंबरीलेखनाने मला लावली आहे.

स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलूख आहे. डोंगर, अरुंद दऱ्या, सततचा पाऊस आणि लोखंडाचे कारखाने, असे त्याचे रूप. त्यातल्या एका दरीत एइबार नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे २७ हजार. म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे ठिकाण म्हणा ना. शतकानुशतके हे गाव बंदुका घडवीत आले. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांचे गिऱ्हाईक आटले, तेव्हा येथल्या कारागिरांनी हात तेच ठेवून माल बदलला. १९२० साली कामगारांनी उभी केलेली ‘आल्फा’ ही सहकारी कंपनी शस्त्रे सोडून शिवणयंत्रे करू लागली. ‘ओर्बेआ’ आणि ‘बी. एच.’ या बंदूकवाल्यांनी सायकली काढल्या. बंदुकीची नळी ओढणाऱ्याला सायकलची नळी अवघड कशी जावी?

गाव मोठे मानी. १४ एप्रिल १९३१ रोजी पहाटे, राजधानी माद्रिद जागी होण्याआधीच, एइबारने आपल्या नगरभवनातून प्रजासत्ताकाची घोषणा करून टाकली. पुढे यादवी युद्ध पेटले, तेव्हा या मानीपणाची किंमत गावाला मोजावी लागली. १९३७ च्या एप्रिलमध्ये बाँबहल्ल्यांनी त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. अशा भाजलेल्या गावात १९४० साली फुटबॉलचा एक संघ स्थापन झाला. लोक त्याला ‘आर्मेरोस’, म्हणजे बंदूककार, म्हणतात. १९४७ साली त्याला मैदान मिळाले, त्याचे नाव इपुरुआ. वाढवून वाढवून आज त्यात आठेक हजार माणसे मावतात. भोवती उंच चाळींसारख्या इमारती आहेत, आणि तेथल्या बिऱ्हाडांना सामना खिडकीतून दिसतो.

या एइबारच्या शेजारीच साल्दिबार हे खेडे आहे. मेंदिलिबार तेथे १४ मार्च १९६१ रोजी जन्मले. खेळाडू म्हणून ते मध्यफळीत खेळत. बिल्बाओच्या विख्यात अॅथलेटिक संघाच्या तालमीत ते तयार झाले खरे, पण त्या संघाच्या मुख्य चमूत त्यांना जागा मिळाली नाही. लोग्रोन्येस आणि सेस्ताओ या संघांत त्यांची सारी उमेद गेली. सेस्ताओ हे बिल्बाओजवळचे पोलादाच्या भट्ट्यांचे गाव. पहिल्या विभागात एक सामनाही न खेळता त्यांनी बूट खुंटीला टांगले आणि १९९४ च्या सुमारास प्रशिक्षकाची शिट्टी हाती घेतली. तीही कोठे? आसपासच्या छोट्या गावांच्या संघांत आणि पोरांच्या चमूत.

स्पेनमधली फुटबॉलची उतरंड कशी आहे, हे येथे सांगायला हवे. सर्वांत वर पहिला विभाग, त्यात वीस संघ. त्याखाली दुसरा विभाग, बावीस संघांचा. त्याच्याखाली, २०२१ पर्यंत, ‘दुसरा-ब’ नावाची तिसरी पायरी होती. तिच्यात चार गटांत मिळून ऐंशीच्या आसपास संघ असत. वरच्या पायरीवर लक्षावधी लोकांचे डोळे असतात. तिसऱ्या पायरीवर गावचे लोक आणि खेळाडूंचे नातेवाईक. २००२ ते २००४ ही वर्षे मेंदिलिबार या तिसऱ्या पायरीवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरच्या लान्सारोते या ज्वालामुखीच्या बेटावर होते. वय चाळिशी ओलांडलेले. या वयात माणूस आपण कोठवर पोचणार याचा हिशेब मनाशी करतो. मी तो केलेला आहे, म्हणून सांगतो.

२००४ साली एइबारने त्यांना बोलावले. संघ दुसऱ्या विभागात होता. त्या वर्षी वालेन्सियाने उसना दिलेला डेव्हिड सिल्वा नावाचा एक पोरगा त्यांच्या हाताखाली खेळला. हाच सिल्वा पुढे २०१० सालच्या विश्वविजेत्या स्पॅनिश संघात होता. तीन संघ वर चढायचे होते. एइबार चौथा आला. हुकले ते एका पायरीने. पण या चौथ्या क्रमांकाने मेंदिलिबारांचे नाव बिल्बाओपर्यंत पोचले, आणि ज्या अॅथलेटिकने खेळाडू म्हणून त्यांना बाजूला ठेवले होते, त्यानेच प्रशिक्षक म्हणून घरी बोलावले.

पिकते तेथे विकत नाही, हे आपल्याकडचे शहाणपण बास्क मुलुखातही खरे ठरावे, याची गंमत वाटते. नऊ सामने झाले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये अॅथलेटिकने त्यांना निरोप दिला. बालपणापासून ज्या दाराकडे पाहिले, ते उघडले आणि दोन-तीन महिन्यांत बंद झाले.

दुसरा एखादा खचला असता. हे वायादोलिदला गेले आणि २००६-०७ च्या मोसमात त्यांनी त्या संघाला दुसऱ्या विभागाचे अजिंक्यपद मिळवून दिले. आठ सामने शिल्लक असतानाच संघाची बढती पक्की झाली होती. पुतण्याला फोनवर सापडले ते हे अजिंक्यपद. नंतर २०१० च्या फेब्रुवारीत वायादोलिदने त्यांना काढले. २०११ मध्ये ओसासुनाने बोलावले. बुडणारा संघ त्यांनी तारला, पुढल्या मोसमात सातव्या क्रमांकावर नेला, आणि २०१३ मध्ये मोसमाचे पहिले तीन सामने हरताच ओसासुनानेही त्यांना घरी पाठवले. २०१४ साली लेव्हान्ते: आठ सामने, आणि निरोप. प्रशिक्षकाची नोकरी ही अशी आहे. वर्गात मुले नापास झाली तर मास्तराची बदली होत नाही. येथे तिसऱ्या चाचणीलाच मास्तराला दप्तर उचलावे लागते.

मेंदिलिबार असे रिकामे बसले असताना एइबारमध्ये काय चालले होते? त्याचा इतिहास कादंबरीत घातला तर संपादक खोटा म्हणतील. २०१४ साली हा संघ इतिहासात प्रथमच पहिल्या विभागात पोचला. संघावर कर्ज नव्हते. तरीही कायद्याने अट घातली, की तुमचे भागभांडवल अपुरे आहे. सुमारे १७ लाख युरोंची भर घाला, नाही तर खाली जा. गावाने जगापुढे हात पसरला आणि पन्नासाहून अधिक देशांतल्या लोकांनी भाग विकत घेऊन ही रक्कम उभी केली. वर्षअखेर संघ अठरावा आला, म्हणजे खाली घसरला. पण त्याच वेळी तेराव्या आलेल्या एल्चेला करांच्या थकबाकीपायी खालच्या विभागात ढकलण्यात आले आणि एइबार वाचला! कर्ज नसणाऱ्याला एकदा दंड झाला, आणि वर्षभराने दुसऱ्याच्या कर्जानेच त्याला तारले. प्रशिक्षकाने मात्र राजीनामा दिला होता. ती रिकामी खुर्ची २०१५ च्या उन्हाळ्यात मेंदिलिबारांना मिळाली.

त्यांची विद्या चार वाक्यांत सांगता येईल. चेंडू हातचा गेला तर मागे पळायचे नाही, पुढे धावायचे. आघाडीचे खेळाडू पुढे गेले की बचावफळीनेही मध्यरेषेकडे सरकायचे, म्हणजे मधली जागा आक्रसते आणि प्रतिस्पर्ध्याला श्वास घेता येत नाही. आपल्या पाठीमागे जी मोकळी जागा राहते तिच्यात तो आधीच घुसला तर ऑफसाइड सापडतो. आणि चेंडू मिळाला की तो कडेच्या खेळाडूकडे, तेथून थेट गोलासमोर. गरीब संघ एरवी काय करतात? आपल्या गोलापुढे भिंत बांधून बसतात. मेंदिलिबारांनी गरिबाला पुढे जायला शिकवले. यात धोका उघड आहे: चौघांच्या रांगेत एकाने पाऊल चुकवले की चौघेही उघडे पडतात. म्हणून या खेळाला महागडा खेळाडू लागत नाही. शेजारचा पाऊल चुकवणार नाही अशी खात्री बाळगणारा खेळाडू लागतो. ती खात्री पैशाने विकत मिळत नाही. रोजच्या सरावातच ती येते.

या खेळाचे फळ पाहा. पहिल्या वर्षी चौदावा क्रमांक, मग दहावा, मग नववा, मग बारावा, मग पुन्हा चौदावा. वीस संघांत चौदावा म्हणजे काय मोठे, असे शहरी माणूस विचारील. पण बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या पंगतीत सत्तावीस हजार वस्तीचे गाव पानावरून न उठता पाच वर्षे बसले होते, हे लक्षात घ्या. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी रेआल माद्रिद इपुरुआवर आला. तो त्या वेळचा युरोपचा विजेता. एइबारने त्याला ३-० असे हरवले. त्या संघात बार्सिलोनाकडून उसना आलेला मार्क कुकुरेया नावाचा पोरगा होता; २०२४ साली युरोपचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात तोही होता.

सहावे वर्ष मात्र फिरले. २०२०-२१ च्या मोसमात करोनामुळे मैदाने रिकामी होती. इपुरुआची ताकद म्हणजे रेषेला खेटून बसलेला प्रेक्षक, तोच नव्हता. एइबार विसावा, म्हणजे अगदी शेवटचा आला आणि खाली गेला. सात वर्षांची पहिल्या विभागातली वस्ती संपली. मेंदिलिबारांनी गाव सोडले. मग आलावेसची नोकरी. तीही चार महिन्यांच्या आत सुटली. वय एकसष्ट. आता या माणसाला कोण विचारणार?

२१ मार्च २०२३ रोजी सेव्हियाने विचारले. हौसेने नव्हे; त्या मोसमात दोन प्रशिक्षक बदलून झाले होते, संघ चौदावा होता आणि घसरणीच्या रेषेपासून केवळ दोन गुण वर होता. करार मोसमाच्या अखेरपर्यंतचाच. बुडत्याने काडीचा आधार घ्यावा, तसा हा आधार. मेंदिलिबारांनी तेथे नवे असे काही केले नाही. ज्याची जी जागा होती तेथे त्याला उभे केले आणि इपुरुआचेच धडे शिकवले. संघ घसरणीतून सुटला, आणि युरोपा लीगमध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडला व युव्हेंटसला बाहेर काढले. मग ती बुडापेस्टची रात्र.

पुढचेही ऐका. चषक जिंकून साडेचार महिने होत नाहीत तोच, आणि त्या मोसमाचे आठ सामने होताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये सेव्हियाने त्यांना काढून टाकले. त्याआधी ऑगस्टमध्ये युरोपच्या सुपर चषकाचा सामना सेव्हिया मँचेस्टर सिटीशी पेनल्टीवर हरला होता. तो सामना ग्रीसमधल्या पिरियस बंदरात, ऑलिंपियाकोस या संघाच्या मैदानावर झाला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच ऑलिंपियाकोसने त्यांना बोलावले. येथेही मोसमाच्या मध्यावर, येथेही आधीचे दोघे अपेशी ठरल्यावर. आणि २९ मे २०२४ रोजी अथेन्समध्ये, ११६ व्या मिनिटाला अयुब एल काबीने केलेल्या एकमेव गोलावर, ऑलिंपियाकोसने फिओरेन्तिनाला हरवून कॉन्फरन्स लीग जिंकली. ग्रीसच्या कोणत्याही संघाने जिंकलेला हा पहिला युरोपीय चषक. १९७१ साली पानाथिनाइकोस अंतिम सामन्यापर्यंत पोचून हरला होता. त्याचा प्रशिक्षक होता तोच पुश्कास, ज्याच्या नावाच्या मैदानावर मेंदिलिबारांचे नशीब उघडले. २०२५ साली त्यांनी ऑलिंपियाकोसला ग्रीसचे अजिंक्यपद आणि चषक अशी दोन्ही मिळवून दिली.

येथे कादंबरीकाराने लेखणी खाली ठेवावी. उपेक्षित माणूस, उशिरा मिळालेले यश, आणि शेवट गोड. पण मास्तराला ते जमत नाही. एक प्रश्न मला टोचतो: बुडापेस्टला तो अखेरचा फटका बाहेर गेला असता तर मी हा लेख लिहिला असता काय? नसता लिहिला. आणि माणूस तर तोच राहिला असता! इपुरुआवर पाच वर्षे गाव तगवून धरणारा, लान्सारोतेच्या बेटावर पोरांना रांग धरायला शिकवणारा. चषकाने त्यांच्या विद्येत कणभर भर घातली नाही. तो आला म्हणून आपल्याला ती दिसली, एवढेच. आणि ज्यांच्या वाट्याला बुडापेस्ट येतच नाही, त्यांचे काय?

आता तो राहिलेला प्रश्न. आमच्या शाळेत एक क्रीडाशिक्षक होते. तीस वर्षे त्यांनी पोरांना फुटबॉल शिकवला. मैदान एका अंगाला उतरते, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात खडे. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचे भाषण माझ्याकडे आले. मी वही काढून त्यांना म्हणालो, “सर, आपण काय काय जिंकलं, तेवढं लिहून द्या.” ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तालुक्याच्या पुढं कधी गेलोच न्हाई की, सर. काय लिहू?” मी वही मिटली. समारंभात दोन मिनिटे बोललो. शाल, श्रीफळ, टाळ्या; संपले. आणखी काही विचारावे असे कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला सुचले नाही.

यंदा गणपतीच्या सुटीत मी त्यांच्या घरी गेलो. मेंदिलिबारांची गोष्ट सांगितली आणि या खेपेस दुसरे विचारले: कोणती पोरे, कोणते साल, काय शिकवले. दोन तास ते बोलत होते. उतरत्या अंगाचा गोल आधी घ्यावा की नंतर, चेंडूला भिणाऱ्या एका पोराला गोलरक्षक कसे केले, घरी जेवण नसलेल्या दोघांना सरावानंतर रोज कोणत्या निमित्ताने थांबवून घ्यायचे. माझ्या वहीची अकरा पाने भरली.

मी उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “त्या एइबारच्या मास्तरांचं मैदान सपाट होतं का हो?”

“सपाट होतं,” मी म्हणालो, “पण लहान होतं.”

“हां,” ते म्हणाले, “लहान मैदानावर पोरं एकमेकांच्या जवळ राहतात. ते बरं.”